घराचा पावसाळी अंगरखा

श्रोतेहो, पेडणे आणि डिचोली या महालांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना मृगापूर्वीची एक लगबग आठवत असेल. घराच्या ज्या अंगाने पावसाची झड येई, त्या अंगाला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधले जात. चार महिने ते भिजत, कुजत आणि दिवाळीच्या सुमारास सोडून टाकले जात. भिंत मात्र कोरडी राही. बाहेरच्या भिंतींवर लाकडी फळ्यांचे आच्छादन घालण्याची जी हौस आज नव्या बंगल्यांत दिसते, तिचा आपल्याकडील खरा पूर्वज हा झापच होय. म्हणून फळ्यांची निवड करण्यापूर्वी आपला इतिहास चाळणे अप्रस्तुत ठरू नये.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता आणि येथील घरांचे वळणही कोकणचेच होते. चिऱ्याच्या वा मातीच्या भिंती, उतरते छप्पर आणि लांब वळचण. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना निघाला आणि पुढे नळीच्या कौलांची जागा मंगळुरी कौलांनी घेतली. कौल बदलले, पण उतार आणि वळचण बदलली नाही. लाकूड तर घरोघरी होते. खांब, तुळया, वासे, दारे सारे लाकडाचेच. पण ते छपराखाली राही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लाकूड उघडे टाकणे म्हणजे ते वाळवीला आणि बुरशीला आंदण देणे, हे सुतार जाणून होता. तो सागाचा वा फणसाचा गाभा निवडी आणि बाहेरचे पांढुरके लाकूड तासून टाकी. कारण कीड दूर ठेवणारी द्रव्ये गाभ्यातच असतात.

लाकडाला उघड्यावर उभे राहणे भागच असे, ते जहाजाच्या कामात. ‘दों फेर्नांदु सेगुंदु ए ग्लोरिया’ ही युद्धनौका १८४३ मध्ये दमणला बांधली गेली. तिचा साग नगर हवेलीच्या रानातला. गोव्यात डोलकाठ्या आणि शिडे चढवून १८४५ मध्ये ती लिस्बनला निघाली. १९६३ मध्ये तिला आग लागली आणि तिचा सांगाडा जवळजवळ तीस वर्षे टेगस नदीच्या चिखलात पडून राहिला. तरीही १९९२ मध्ये तो वर काढून १९९८ पर्यंत तिची पुन्हा उभारणी करता आली. जुन्या सागाची योग्यता याहून वेगळी काय सांगावी?

पण तसा साग आज कुणाच्या हाती लागणार? लागवडीच्या कोवळ्या झाडात गाभा थोडा असतो, आणि गोव्यात १९८४ च्या कायद्याने परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तेव्हा साध्या लाकडालाच टिकाऊ करावे, हा विचार पुढे आला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे ‘ॲस्कू’ नावाचे मिश्रण सिद्ध केले. ते जगभर पसरले. परंतु आर्सेनिकच्या भयाने अमेरिकेत घरगुती कामासाठी त्याचा वापर २००३ अखेर थांबला.

त्यानंतरची वाट विष घालण्याची नसून लाकडाचा स्वभाव पालटण्याची आहे. कुंपणाचा खांब पुरण्यापूर्वी त्याचे टोक भाजून घेण्याची रीत आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होती. फिनलंडमध्ये १९९० नंतरच्या दशकात वाफेच्या सान्निध्यात सुमारे १८० ते २१५ अंश सेल्सिअस उष्णतेवर अखंड लाकूड तापविण्याची पद्धत रूढ झाली. असे लाकूड पाणी कमी पिते, कमी फुगते आणि बुरशीला सहजी बळी पडत नाही. मात्र ते ठिसूळ होते, आणि वाळवीपासून त्याचा बचाव होतोच असे नाही. दुसरी रीत लाकडावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया करण्याची. जर्मनीत १९२८ मध्ये तिचे प्रयोग झाले आणि नेदरलँड्समधील आर्नहेम येथे २००७ पासून तिचा व्यापारी माल निघू लागला. हे लाकूड पाण्यात फारसे हालत नाही, परंतु त्याला स्टेनलेसचेच खिळे लागतात. अन्यथा खिळा गंजून फळीवर डाग उतरतात. उन्हात दोन्ही प्रकार करडे पडतात, हेही आधीच जाणून असावे.

मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ मध्ये झाले आणि पेडण्यात बांधकामांना वेग आला. कित्येक नव्या घरांना वळचणच नसते. छपराने करावयाचे काम फळीने करावे, अशी अपेक्षा असते. मालक महाग लाकूड आणतो आणि ते भिंतीला घट्ट चिकटवून मोकळा होतो. मग मागे झिरपलेल्या पाण्याला वाट उरत नाही. झापाने हा दोष कधी केला नाही. तो भिंतीपासून सुटा राही, वाऱ्याने हाले, वाळे आणि वेळ झाली की बदलता येई.

म्हणून श्रोतेहो, फळी कोणत्या देशाची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न वळचण किती, फळीमागे वारा खेळतो का, तिचे खालचे टोक जमिनीपासून उंच आहे का, आणि एखादी फळी कुजली तर तेवढीच काढता येईल का, हा. त्याचे उत्तर समाधानकारक असेल तर नवे लाकूड खुशाल घ्यावे. नसेल, तर तोच पैसा आधी छपरावर खर्चावा. डिचोलीचा जुना सुतार आज असता, तर फळीला हात लावण्यापूर्वी त्याने मान वर करून वळचणच पाहिली असती.