रोग घराण्याचा की बाळंतपणाचा?

एकाच घरात आधी बाप, मग थोरला, पुढे धाकटा अशी माणसे यकृताच्या कर्करोगाने गेली, की गावात दोन कारणे सांगितली जातात: मोहाची दारू, नाहीतर घराण्याचा रोग. दुसऱ्या कारणात तथ्य आहे, पण ते वंशावळीत शोधून सापडणार नाही. हा रोग घराला चिकटतो तो बहुतेकदा हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे, आणि विषाणू अंगात कायमचा ठाण मांडतो तो जन्मवेळी किंवा अगदी बालपणी. म्हणून गोंदिया जिल्ह्यातील या रोगाचा भूतकाळ समजून घ्यायचा तर आधी बाळंतपणाचा भूतकाळ पाहावा लागतो.

पुरावा तैवानचा आहे. १९८१ मध्ये बीझली आणि सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून दाखवले की विषाणू बाळगणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून अधिक असतो. पुढे तिथल्याच दुसऱ्या मोठ्या पाहणीत घराण्याचा प्रश्न थेट तपासला गेला. विषाणू असलेल्यांपैकी ज्यांच्या घरात हा कर्करोग नव्हता त्यांच्यात तो ७.५ टक्के निघाला. ज्यांच्या घरात होता त्यांच्यात १५.८ टक्के. विषाणू नसलेल्यांत मात्र घरात कर्करोग असो वा नसो, प्रमाण ०.६५ आणि ०.६२ टक्के. म्हणजे घराण्याचा वारसा धोका दुप्पट करतो, पण विषाणूवाचून तो जवळजवळ निष्प्रभ आहे. त्या दुपटीत जनुकांचा वाटा असेलही. पण एकाच आईकडून लहानपणीच लागण झालेली भावंडे तो विषाणू सारख्याच दीर्घ काळ बाळगतात, हेही विसरता येत नाही.

जन्मवेळी लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत विषाणू कायम राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी जणांत. गोंदियातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात बाळंतपण पिढ्यानपिढ्या घरी, दाईच्या हातून होत आले. लागणीसाठी दाईला दोष देणे अन्यायाचे आहे. आईचे रक्त बाळाला जन्मताना लागतेच, आणि लस नव्हती तोवर दवाखान्यातल्या खाटेवरही ते टळत नव्हते. फरक पडला तो लस आल्यावर. मांडीत टोचायचा अर्धा मिलिलिटरचा डोस, तोही जन्मापासून २४ तासांच्या आत. लस मात्र २ ते ८ अंश तापमानात, आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये. घरी जन्मलेले बाळ आणि तो फ्रीज यांच्यातले अंतर तेव्हापासून निर्णायक झाले. आता ही लस इथे कधी आली ते पाहा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. भारतात सरकारी लसीकरणात ही लस प्रायोगिक स्वरूपात २००२ मध्ये आली, महाराष्ट्र तिच्या कक्षेत आला २००७-०८च्या विस्तारात, आणि देशभर ती पोहोचली २०११ मध्ये. जिल्ह्याहून वयाने मोठा असलेला जवळजवळ प्रत्येक गोंदियाकर या लसीविना जन्मला आहे.

कोणी म्हणेल, तैवानचे आकडे इथे कशाला? आक्षेप रास्त आहे. तिथे आईकडून जन्मवेळी होणारी लागण अधिक. भारतात बालपणी घरातल्या घरात, जखमेतून किंवा एकाच ब्लेडमधून होणाऱ्या लागणीचाही वाटा मोठा. त्यामुळे प्रमाण बदलेल, पण लागणीची जागा घरच राहते. दारूचेही तसेच: ती यकृताची हानी वाढवते यात शंका नाही, पण थेंबही न घेतलेल्यांना हा कर्करोग होतो त्याचा उलगडा तिच्याने होत नाही. आणि निखळ आनुवंशिकतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एवढे पाहावे: तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दशकभरात ६ ते १४ वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले. दहा वर्षांत कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत.

लसीआधी जन्मलेली पिढी आता कर्करोगाच्या वयाकडे चालली आहे. २८ जुलै २०१८ पासूनच्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. घरात एकालाही हिपॅटायटिस बी निघाला असेल तर आई, भावंडे, मुले, सगळ्यांचे रक्त तपासून घ्या. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या, आणि ज्यांना आहे व ज्यांच्या घरात हा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी बरे वाटत असले तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.