चौदा इंजेक्शनांचा इतिहास

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हे एके काळी घराघरांत ठाऊक होते. मुलांना कुत्र्याहून त्या सुईचेच भय अधिक. या भयात थोडे तथ्य होते. पण ते सुईच्या टोकात नव्हते, सुईवाटे अंगात जाणाऱ्या द्रव्यात होते. ते द्रव्य म्हणजे मेंढीच्या मेंदूचे पातळ मिश्रण. त्यामुळे काही थोड्या माणसांना पक्षाघात होई.

लस मेंदूची का? अलर्क रोगाचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो, आणि त्या काळी तो प्रयोगशाळेत वाढविण्याचा दुसरा उपाय नव्हता. म्हणूनच ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला जी लस टोचविली, ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूची होती. मुलगा वाचला. पुढे १९११ साली हिमालयाच्या पायथ्याशी, कसौली येथे, डेव्हिड सेंपल यांनी कार्बॉलिक ॲसिडने विषाणू मारून नवी लस केली. ही लस बाटलीत भरून दूर पाठविता येई. पूर्वी दंश झालेल्या माणसाला आगगाडीने कसौली किंवा कुन्नूर गाठावे लागे. आता लसच जिल्ह्याच्या इस्पितळात येऊ लागली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे. तिने असंख्य जीव वाचविले, हे आधी मान्य केले पाहिजे. कारण अलर्काची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचतच नाही.

परंतु काही रोग्यांना टोचणी चालू असता, किंवा ती संपल्यावर थोड्याच दिवसांत, ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे. काही बरे होत, काही पंगू राहत, काही दगावत. हा दोष लसीचा की रोगाचा? प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. खुद्द अलर्काच्याही एका प्रकारात पक्षाघातच होतो. मात्र ज्यांना चावलेला कुत्रा पुढे धडधाकट निघाला, अशा माणसांनाही पक्षाघात झालेला आढळे. तेथे रोगाकडे बोट दाखविता येईना.

पॉल रेम्लिंजर या फ्रेंच वैद्याने १९०५ सालीच या घटनांकडे लक्ष वेधले होते. १९२७ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी आणखी स्पष्ट सांगितले की, काही संस्था खासगीत जितके रोगी कबूल करतात तितके छापील अहवालांत दाखवीत नाहीत. लोक लस घेणे सोडतील, ही संस्थांना धास्ती. धास्ती खोटी नव्हती, पण लपवालपवीने रोग्याचे हित साधले नाही. उलट कारणाचा शोध मात्र लांबला.

तो शोध १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पुढे सरकला. टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. त्यात अलर्काचा विषाणू मुळीच नव्हता. तरी दोन माकडे लुळी पडली. दोन म्हणजे थोडी, असे कोणी म्हणेल. पण संशयाची दिशा तेवढ्याने बदलली. अपराधी विषाणू नव्हे, मेंदूचा अंशच होता. मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे वेष्टन असते. परक्या मायेलिनशी झुंजण्यास शिकलेले शरीर स्वतःच्या मायेलिनवरही तुटून पडते. थायलंडमधील अशा रोग्यांच्या रक्तात मायेलिनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे १९८७ साली प्रसिद्ध झाले.

अपघातांचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. कोठे काही शेकड्यांत एक, कोठे काही हजारांत एक. पिसाळलेल्या जनावराने चावा घेतलेल्याने हा धोका पत्करणेच शहाणपणाचे होते, कारण दुसऱ्या बाजूला मृत्यू उभा होता. ज्याला केवळ संशयापोटी लस दिली जाई, त्याचा हिशेब मात्र निराळा. वाट एकच होती: लस ठेवावी, पण मेंदू काढून टाकावा. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मानवी पेशींवर विषाणू वाढवून लस सिद्ध झाली. इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली. १९७६ साली अहवाल निघाला, त्यात एकालाही अलर्क झाला नव्हता.

मग १९८४ पासून जागतिक आरोग्य संघटना मेंदूची लस थांबवा म्हणून सांगू लागली. तरी भारतात तिचे उत्पादन थांबण्यास डिसेंबर २००४ उजाडला. नवी लस महाग, जुनी सरकारी इस्पितळांत फुकट. त्यामुळे ऐपतवाल्याला दंडात नवी आणि गरिबाला पोटात जुनी, अशी वाटणी बराच काळ चालली. २००६ साली नवी लस त्वचेत थोड्या मात्रेने देण्यास मान्यता मिळाली, तेव्हा खर्च उतरला.

आता ना मेंढीचा मेंदू, ना पोटातली सुई. जुनी दहशत मात्र लोकांच्या मनातून अजून पुरती गेलेली नाही. चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने कोणी आजही दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जातो, आणि लसीचे पहिले मोलाचे दिवस तेथेच जातात.