साष्टीतील वनस्पतिशोध आणि फुरसतीचे शास्त्र

पश्चिम भारतातील वनस्पती व कीटक यांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना ग्रंथांची व प्रकाशनवर्षांची जंत्री देण्याची प्रथा आहे. हे ग्रंथ कोणाच्या फुरसतीतून निर्माण झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. साष्टी बेटाच्या संदर्भात तो येथे उपस्थित करावयाचा आहे.

खाड्यांनी वेढलेली, कान्हेरीच्या लेण्यांभोवती दाट रान असलेली साष्टी मुंबईच्या अधिकाऱ्यांना सोयीची होती. दोन दिवसांची सवड मिळाली तरी पेटी घेऊन जावे आणि कामावर परतावे, इतकी ती जवळ. मुंबईच्या वनस्पतींची पहिली मोठी सूची करणारा जॉन ग्रॅहॅम टपालखात्यात अधिकारी होता. ही सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तो खंडाळ्यास मरण पावला आणि अपुरे राहिलेले काम जोसेफ निमो याने पुरे केले. १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’चे कर्ते डॅल्झेल व गिब्सन हेही सरकारी नोकरच. कीटकांच्या बाबतीतही तेच दिसते. मुंबई व दख्खन येथील पतंग-फुलपाखरांवर लिहिणारा स्विनहो लष्करात होता, तर साताऱ्यात जन्मलेला एटकन जकात व मीठ खात्यात. हे दोघेही १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या आरंभीच्या मंडळींपैकी होत.

याच बेटावर वेगळ्या प्रकारचा एक पाहुणा आला होता. व्हिक्तोर झाकमाँ हा पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने पाठविलेला संशोधक. १८३२ चा पावसाळा त्याने पुण्यात काढला आणि नंतर घाट उतरून तो साष्टीत हिंडला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो मुंबईत मृत्यू पावला. आपल्या दुखण्याचा दोष त्याने साष्टीच्या रोगट रानाला दिला, आणि चरित्रकारांनी तो सहसा तसाच उचलला. वस्तुतः त्याच्या यकृतात मोठे गळू झाल्याचे शवविच्छेदनात आढळले. असे गळू बहुधा आमांशाच्या जंतूंमुळे होते व ते वाढण्यास आठवडेच काय, महिनेही लागतात. तेव्हा साष्टीच्या हवेवरील हा आरोप सिद्ध मानता येत नाही. रुग्णाची स्वतःविषयीची साक्ष प्रांजळ असते. म्हणून ती पुरावा ठरतेच असे नाही.

फुरसतीच्या शास्त्राला आणखीही एक मर्यादा आहे. या ग्रंथांतील स्थळांच्या नोंदी वाचू लागले की साष्टी, खंडाळा, महाबळेश्वर ही नावे पुनःपुन्हा भेटतात. त्या नोंदींत वनस्पतींचा नकाशा जितका आहे, तितकाच अधिकाऱ्यांच्या रजेचाही आहे. मुळशी तालुक्यातील घोटाव्ड्यासारखे, मुंबई-पुणे हमरस्त्याच्या एका अंगास राहिलेले गाव घ्यावे. जुन्या सूचीत तेथील एखाद्या झुडपाचा उल्लेख नसेल, तर ते तेथे नव्हते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तेथे कोणी पेटी घेऊन गेलेच नसेल, एवढेच कदाचित त्यावरून समजावे.

कारवीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साष्टीत आणि सह्याद्रीच्या उतारांवर ती मुबलक आढळते. तिच्या काठ्यांचे कूड घालून वर शेणमाती लिंपण्याची रीत जुनी आहे. परंतु ती सामान्यतः सात वर्षांतून एकदाच फुलते. चार दिवसांच्या सवडीने आलेल्याला ती फुलोऱ्यात सापडणे केवळ योगायोग. डोंगरातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसाला मात्र मागचा फुलोरा कोणत्या साली येऊन गेला, हे ठाऊक असते. ग्रॅहॅमच्या सूचीत वनस्पतींची देशी नावेही आढळतात. ती कोणीतरी बोट दाखवून सांगितली असली पाहिजेत. सांगणाऱ्यांची नावे मात्र अशा ग्रंथांच्या मुखपृष्ठावर येत नाहीत; हिशेबाच्या वह्या, मजुरीच्या नोंदी, खाजगी पत्रे यांत ती कदाचित हाती लागतील. आपल्या विद्यार्थ्यांनी दप्तरखान्यात बसावयाचे ठरविले, तर आरंभ तेथून करावा.