बाळवाढीचे बडोदे माप

मूल मान कधी धरेल, पालथे कधी पडेल, बसेल कधी आणि चालेल कधी, या प्रश्नांची उत्तरे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आजीकडून, सुईणीकडून आणि बाळाला तेल लावायला येणाऱ्या बाईकडून मिळत आली. उत्तर मनासारखे नसले की आईबापांच्या जिवाला घोर लागे. भारतीय मुलांच्या बाबतीत या घोराला मोजमापाचा आधार देण्याचे मोठे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्यात झाले. वासणा हे या शहराच्या पश्चिमेचे, रेल्वेमार्गापलीकडचे उपनगर. एके काळचे हे गाव आता इमारतींनी आणि सोसायट्यांनी भरले आहे. तेथील तरुण जोडप्यांना बाळाच्या वाढीबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे शोधायला लागणारी साधने त्यांच्याच शहरातील विद्यापीठात तयार झाली. तेथे ठरलेल्या वयमानांचे ‘बडोदा नॉर्म्स’ हे नाव देशभरच्या बालविकास केंद्रांत आजही रूढ आहे.

बाळाच्या वयाशी त्याच्या कर्तबगारीची सांगड घालण्याची कल्पना मात्र जुनी आहे. गृह्यसूत्रे आणि त्यानंतरच्या धर्मग्रंथांत बालसंस्कारांचे महिने ठरवून दिलेले आढळतात. चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे बाळाला प्रथमच घराबाहेर नेऊन सूर्य दाखवणे; पाचव्यात भूम्युपवेशन, म्हणजे जमिनीवर बसवणे; सहाव्यात अन्नप्राशन, ज्याला मराठीत उष्टावण म्हणतात. या क्रमामागे मुलांचे बारकाईने केलेले निरीक्षण असावे. चौथ्या महिन्याच्या सुमारास मान सावरली जाते, पाचव्या-सहाव्यात आधाराने बसता येते आणि बसून गिळता येऊ लागले की वरचे अन्न देता येते. संस्कार धार्मिक असले तरी त्यांचे वेळापत्रक शरीराच्या वाढीशी जुळते.

काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचा प्राचीन ग्रंथ याही पुढे जातो. नेपाळातील खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये छापला गेला. वर्ष भरले तरी जे मूल पायांवर चालत नाही त्याला या ग्रंथात ‘फक्क’ म्हटले आहे आणि त्याची तीन कारणे दिली आहेत: आईच्या दुधातील दोष, आई पुन्हा गरोदर राहिल्याने मुलाचे तुटलेले दूध, आणि आजार. उपचारांत औषधी तुपांबरोबर तीन चाकांचा ‘फक्करथ’ करून घ्यायला सांगितला आहे, त्याला धरून मुलाने चालण्याचा सराव करावा म्हणून. मराठी घरांतला लाकडी पांगुळगाडाही तीन चाकांचाच असतो. वर्षभराची ही मर्यादा आजच्या ज्ञानाच्या उजेडात फारच कडक ठरते, कारण असंख्य निरोगी मुले वर्ष उलटल्यावर चालतात. तरीही उशिराला वयाची सीमा घालणे, कारणे वेगळी करणे आणि उपाय सांगणे ही पद्धत त्या ग्रंथात स्पष्ट आहे. दोष नशिबाचा किंवा कोणाच्या दृष्टीचा मानून तो ग्रंथ थांबत नाही, हे विशेष महत्त्वाचे.

आधुनिक मोजमापाची सुरुवात पाश्चात्त्य देशांत झाली. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या पहिल्या वर्षांच्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. पण एका मुलाच्या नोंदींवरून सर्वांविषयी काही सांगता येत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल यांनी १९२०च्या दशकात अनेक बाळांचे निरीक्षण करून वयवार वेळापत्रके मांडली. कॅलिफोर्नियात बर्कली येथे १९२८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून नॅन्सी बेली यांनी बौद्धिक आणि कारक, म्हणजे हालचालींच्या, विकासाच्या श्रेणी घडवल्या. त्यांचे सुधारलेले रूप १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर पसरले.

ही श्रेणी भारतात जशीच्या तशी वापरण्यात खरी अडचण होती. येथील बाळ बराच वेळ मांडीवर, कडेवर किंवा झोळीत असते. रोज तेल लावून त्याचे हातपाय चोळले जातात आणि पायांवर घेऊन त्याला न्हाऊ घातले जाते. घरात माणसे जास्त, खेळणी कमी. अशा मुलाने काय, केव्हा करावे हे कॅलिफोर्नियातील मुलांवरून ठरवले, तर काही निरोगी मुलांवर मंदपणाचा शिक्का बसणार आणि काही खऱ्या अडचणी नजरेतून सुटणार. माप उसने असेल तर त्यातून आलेली काळजी आणि आलेला दिलासा, दोन्ही चुकीच्या जागी पडतात.

बडोद्यात स्वतःचे माप तयार होण्यामागे तेथील संस्थांची पूर्वपीठिका आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. बालपण ही राज्याने लक्ष घालावी अशी बाब आहे, ही समजूत तेव्हापासून या शहरात रुजली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द घालण्याचा आग्रह धरणाऱ्या म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली आणि तिच्यात बालविकास हा विभाग उभा राहिला. विभागाशी जोडलेली ‘चेतन बालवाडी’ विद्यार्थिनींना मुलांचे निरीक्षण शिकण्याची जागा ठरली. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम असे हिणवण्याची त्या काळी रीत होती. बडोद्याच्या या विभागाने केलेले काम पाहिले की ते हिणवणे किती अज्ञानातून आले होते हे कळते.

याच विभागात प्रमिला फाटक यांनी १९६०च्या दशकात बडोद्यातील बाळांचा दीर्घकालीन अभ्यास केला. बेली यांच्या श्रेणीचे तेव्हा संशोधनासाठी उपलब्ध असलेले रूप त्यांनी आधाराला घेतले. अभ्यासाचे वय एक महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंतचे. मुले पुन्हा पुन्हा तपासायची, प्रत्येक कृती कोणत्या वयात किती मुलांना जमते ते टिपायचे आणि त्यावरून येथील मुलांची वये निश्चित करायची, असे हे चिकाटीचे काम. त्याचा अंतिम अहवाल १९७० मध्ये विद्यापीठाने काढला. त्यातून आलेली वयमाने म्हणजेच बडोदा नॉर्म्स. त्यांची सुधारित आवृत्ती ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फंट्स’, अर्थात ‘डासी’, या नावाने १९९७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली.

डासीमध्ये हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कृती आहेत. हालचालींच्या भागात मान सावरणे, अंग सावरणे, पुढे सरकणे-चालणे आणि हातांनी वस्तू हाताळणे यांचा समावेश होतो. बौद्धिक भागात पाहणे, ऐकणे, वस्तूकडे झेपावणे, स्मरण, माणसांशी वागणे, आवाज काढणे, बोलणे, समजणे, आकार ओळखणे असे गट आहेत. तपासणारी व्यक्ती मुलाशी खेळतच परीक्षा घेते. घंटा वाजली की मूल वळते का, समोर लोंबणारी लाल कडी पकडते का, रुमालाखाली लपवलेली वस्तू शोधते का, ठोकळ्यावर ठोकळा ठेवते का, हे पाहिले जाते आणि आई जवळच बसलेली असते. मुलाने केलेल्या कृतींवरून त्याचे विकासवय काढतात. विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासगुणांक येतो. वीस महिन्यांचे मूल पंधरा महिन्यांच्या मुलाइतके करत असेल, तर गुणांक ७५. मूल दोन महिने आधी जन्मले असेल तर तेवढे महिने वयातून वजा करून मगच हिशेब करायचा असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या घरी होणारी पुष्कळशी घालमेल ही एक वजाबाकी न केल्यामुळे होते.

एवढी सविस्तर तपासणी प्रत्येक मुलाची करणे शक्य नसते. तिला प्रशिक्षित माणूस, साहित्याची पेटी आणि वेळ लागतो. म्हणून ए. टी. फाटक आणि बी. खुराना यांनी ‘बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट’ ही छोटी चाचणी तयार केली. ती १९९१ मध्ये ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बडोदा नॉर्म्समधून निवडलेल्या ५४ कृती तिच्यात आहेत आणि विशेष साहित्याशिवाय त्या पाहता येतात. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हाती देता येईल असे हे साधन होते.

या चाचणीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आलेखावरच्या दोन रेषा. एक रेषा निम्म्या मुलांना एखादी कृती ज्या वयात जमते त्या वयाची, दुसरी शंभरातील सत्त्याण्णव मुलांना ती ज्या वयात जमते त्या वयाची. पालकांची बहुतेक काळजी पहिल्या रेषेभोवती फिरते. शेजारच्या घरचे बाळ दहाव्या महिन्यात उभे राहिले, आपले अजून नाही, ही तुलना सरासरीशी किंवा सरासरीच्याही पुढे असलेल्या मुलाशी केलेली असते. पण सरासरीच्या अर्थातच हे आले की जवळपास निम्मी मुले तिच्यानंतर ती कृती करणार. त्यांच्यात दोष नसतो. लक्ष द्यायचे ते दुसऱ्या रेषेकडे. ती ओलांडली तरी आजार सिद्ध होत नाही; सविस्तर तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. काळजी कुठे सोडावी आणि कुठे धरावी हे अशा स्पष्ट शब्दांत सांगणारे साधन पालकांच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. दुर्दैवाने घरोघरी पोचणाऱ्या तक्त्यांवर बहुधा एकच महिना छापलेला असतो आणि ही दुसरी रेषा पालकांना दिसतच नाही.

बडोद्याची वयमाने लवकरच इतरत्र गेली. केरळात एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी त्यांतून १७ कृती निवडून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्रिवेंद्रम तक्ता बनवला. तोही १९९१ मधलाच. तक्त्यावर मुलाच्या वयाच्या जागी पेन्सिल उभी धरायची. तिच्या डाव्या बाजूला पूर्ण राहिलेली एखादी कृती मुलाला जमत नसेल, तर पुढे तपासणीला पाठवायचे. काही मिनिटांत काम होते.

पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या बालविकास केंद्रात हे काम वेगळ्या अंगाने वाढले. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि तो मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. अशक्त बाळ जगवल्यानंतर त्याच्या पुढच्या आयुष्याची चौकशी करत राहणे हे रुग्णालयाचेच काम आहे, ही भूमिका त्यामागे होती. उशीर वेळेवर कळला तर व्यायाम, खेळ आणि संवाद यांच्या मदतीने मुलाला पुष्कळ पुढे नेता येते, म्हणूनच मोजायचे, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत वाढीचा अभ्यास केला. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. सहांपैकी पाच देशांतील ८१६ मुलांच्या हालचालींचे निष्कर्ष २००६ मध्ये आले आणि त्यांत वयाची मर्यादा बरीच रुंद निघाली. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. हात आणि गुडघे टेकून रांगणे तर ४.३ टक्के मुलांनी केलेच नाही. ती त्या टप्प्याशिवायच चालू लागली. ‘आमचे बाळ रांगलेच नाही’ म्हणून बेचैन होणाऱ्या घरांसाठी हा आकडा उपयोगाचा आहे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपल्या यादीतून रांगणे काढूनच टाकले.

सरकारी यंत्रणेत हा विचार हळूहळू उतरला. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. अंगणवाडीत बरीच वर्षे भर राहिला तो वजनावर आणि पूरक आहारावर. मूल बोलते-चालते कसे याची पद्धतशीर नोंद मागे पडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला आणि जन्मजात दोष, आजार व कमतरता यांच्या जोडीला विकासातील विलंबही तपासणीच्या यादीत आला. विलंब आढळलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे ठरवण्यात आली.

वासण्यासारख्या उपनगरातील मराठी कुटुंबांत आज घरी मराठी, बाहेर गुजराती आणि पुढे शाळेत इंग्रजी असा भाषांचा संसार असतो. बोलणे लांबले की दोष दोन-तीन भाषांना दिला जातो. एकाहून अधिक भाषा ऐकल्यामुळे मूल मुके राहत नाही; शब्द मोजायचे तर सर्व भाषांतले मिळून मोजावे लागतात. भाषेचे कारण सांगून तपासणी पुढे ढकलली, तर ऐकण्यातला दोष किंवा स्वमग्नता उशिरा लक्षात येण्याचा धोका राहतो. बडोदा नॉर्म्सची मर्यादाही येथेच दिसते. ती वयमाने अडीच वर्षांवर थांबतात आणि ती एका शहरातील, एका काळातील मुलांवरून काढलेली आहेत. आता एकत्र कुटुंबे कमी झाली, मूल पडद्यासमोर बसू लागले, कमी वजनाची पुष्कळ अधिक बाळे वाचू लागली. प्रमिला फाटक यांच्या गटाने ज्या चिकाटीने घरोघरची मुले पुन्हा पुन्हा तपासली, तसा अभ्यास आजच्या मुलांवर, एकापेक्षा अधिक भाषा बोलणारी घरे धरून, नव्याने होण्याची गरज आहे.