गायब झालेला कॉलम

बाबांच्या कपाटात सगळ्यात खाली रशियन पुस्तकांचा एक गठ्ठा आहे. मॉस्कोत छापलेली, बांधणी अशी पक्की की अजून एक पान सुटलेलं नाही. काही इंग्रजी, काही चक्क मराठी. त्यातलं इरोडोव्ह मी बारावीला वापरलं होतं (म्हणजे जेवढं झेपलं तेवढं!). जो देश इतकी चांगली पुस्तकं इतक्या स्वस्तात जगभर पाठवतो, तिथली माणसं किती मजेत राहत असतील, असं बाबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटायचं. मागच्या रविवारी गठ्ठा आवरताना मला वेगळाच प्रश्न पडला. तिथे न जाता हे कळणार कसं?

आपलं नेहमीचं उत्तर म्हणजे दरडोई उत्पन्न. पण सोव्हिएत युनियनमध्ये वस्तूंच्या किमती सरकार ठरवणार आणि रुबलचा डॉलरशी दरही सरकारच ठरवणार. बुटाचा जोड कारखान्यातून बाहेर पडला की उत्पादनात जमा, मग तो कुणाच्या पायात बसो न बसो. सीआयएची माणसं वर्षानुवर्षं हा हिशोब करत बसली आणि सत्तरच्या दशकात त्यांचं उत्तर यायचं ते साधारण असं, की सोव्हिएत अर्थव्यवस्था अमेरिकेच्या निम्म्याहून जास्त आहे. त्याच दशकात पोलादाच्या उत्पादनात रशियाने अमेरिकेला मागे टाकलं. पॉल सॅम्युएलसनसारखा नोबेलवाला अर्थतज्ज्ञ आपल्या पाठ्यपुस्तकात रशिया अमेरिकेला कधी गाठेल याचे अंदाज छापायचा. दर आवृत्तीत ती तारीख पुढे सरकायची, ते सोडा :)

आणि १९७६ साली पॅरिसमध्ये एमान्युएल तॉद नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराने पुस्तक लिहिलं, की हा देश कोसळणार. त्याच्याकडे ना गुप्तहेर होते, ना उपग्रहाचे फोटो. त्याने पाहिली होती लोकसंख्येची आकडेवारी, आणि त्यातही मुख्य म्हणजे बालमृत्यूदर. जन्मलेल्या हजार बाळांपैकी पहिला वाढदिवस न पाहणारी किती, हा तो आकडा.

तर तो आकडा काय सांगत होता? १९५० मध्ये सोव्हिएत युनियनचा दर होता ८१. १९६० मध्ये ३५. १९७१ मध्ये २२.९. वीस वर्षांत एवढी घसरण म्हणजे खरोखर मोठं काम, यात वाद नाही. आपल्याकडे १९७१ ला हाच दर सव्वाशेच्या वर होता, तेव्हा बाबांच्या पिढीला रशियाचं कौतुक वाटलं तर ते काही वेडेपणाचं नव्हतं. पण १९७१ नंतर गाडी उलटी फिरली. १९७४ मध्ये दर २७.९ झाला. अमेरिकेत त्याच तीन वर्षांत तो १९ वरून १७ च्या खाली आला होता.

आणि त्यानंतर? त्यानंतर काही नाही. सोव्हिएत वार्षिक अहवालांतून तो आकडाच गायब. टेबल आहे, कॉलम नाही.

हे वाचल्यावर मला माझं पहिलं ऑफिस आठवलं. तिथे दर सोमवारच्या रिपोर्टमध्ये एक ग्राफ तीन आठवडे सलग खाली गेला, चौथ्या आठवड्यात ती स्लाइडच नव्हती. कुणी विचारलंही नाही. मीही नाही. असो.

इथे एक गोम आहे, ती सांगायलाच हवी. देशादेशांची तुलना करताना व्याख्या तपासाव्या लागतात. २८ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ सात दिवसांच्या आत गेलं, तर सोव्हिएत पद्धतीत ते बालमृत्यूत धरलंच जात नसे. म्हणजे त्यांचे २२.९ आणि अमेरिकेचे १९ शेजारी शेजारी ठेवणं चूकच. मात्र देशाची तुलना त्याच्याच कालच्या आकड्याशी केली तर ही अडचण बरीचशी सुटते. १९८० मध्ये क्रिस्टोफर डेव्हिस आणि मरे फेशबॅक या दोघांनी अमेरिकन जनगणना खात्यासाठी नेमकं तेच केलं. दर १९७६ पर्यंत ३१ च्या पुढे गेला असावा असा त्यांचा अंदाज निघाला. पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला, की वाढीचा काही भाग मध्य आशियातली नोंदणी सुधारल्यामुळे दिसतो, तिथली आधी न मोजली गेलेली बाळं आता मोजली जात होती. आक्षेप रास्त आहे. पण मग कॉलम काढायचं कारण काय? नोंदणी सुधारली हे तर अभिमानाने सांगता आलं असतं.

आकडे लपवण्याची सवय तिथे जुनीच. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १६.२ कोटी. स्टालिनने तर १९३४ मध्येच १६.८ कोटी जाहीर केली होती. आधीच्या दुष्काळात मेलेली माणसं कागदावर दिसायला लागली होती. मग जनगणनाच रद्द झाली, आणि ती घेणारे क्विटकिन आणि क्रावाल यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. मोजणी बरोबर केली, एवढाच त्यांचा गुन्हा.

बाळांचं सोडा, मोठ्या माणसांचंही तेच होतं. सोव्हिएत पुरुषाचं सरासरी आयुर्मान साठच्या दशकाच्या मध्यात ६५ च्या आसपास होतं, १९८० च्या सुमारास ते ६२ वर आलं. युद्ध नाही, दुष्काळ नाही आणि कागदावर उत्पादन दरवर्षी वाढतंय, तरी माणसं तीन वर्षं आधी मरतायत! व्होडका हे त्याचं एक मोठं कारण. १९८५ मध्ये गोर्बाचेव्हने दारूवर बंधनं आणली, तेव्हा दोन वर्षांत आयुर्मान पुन्हा ६५ च्या जवळ पोचलं. त्याच काळात बालमृत्यूचा कॉलमही परत छापायला लागले. १९८५ चा आकडा होता २६, म्हणजे १९७१ पेक्षा जास्तच.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "अरे, पण तेव्हा आम्हाला पोलादाचाच आकडा दाखवायचे." आणि गठ्ठा परत खालच्या कप्प्यात ठेवून दिला.