तोफांसाठी मोकळे झालेले मैदान

कलकत्त्याचे, म्हणजे आजच्या कोलकात्याचे नाव निघाले की इतिहासप्रेमी मराठी माणसाला हटकून मराठा खंदक आठवतो. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने खणावयास घेतलेला हा खंदक ना पुरा झाला, ना कामी आला. पुढे तो बुजवून त्याच्या जागी सर्क्युलर रोड झाला. परंतु युद्धाच्या भयाने त्या नगरीला आणखी एक देणगी दिली आणि ती अद्याप शाबूत आहे. ती म्हणजे तेथील मैदान.

प्लासीच्या लढाईनंतर, 1758 साली, इंग्रजांनी गोविंदपूर येथे नव्या फोर्ट विल्यमची उभारणी आरंभिली. वस्ती उठविली, रान तोडले. हेतू एवढाच, की शत्रू आलाच तर त्याला तोफेपासून आडोसा मिळू नये. शत्रू काही आला नाही. हुगळीकाठची ही सुमारे 400 हेक्टर भूमी मात्र मोकळी राहिली आणि आजही ती लष्कराच्या ताब्यात आहे. गंमत अशी, की त्या किल्ल्याला अलीकडे आपल्या कोकणातील विजयदुर्गाचे नाव देण्यात आले.

तत्कालीन वैद्यांना हे रान तुटल्याचे समाधानच होते. झाडी दाट की हवा कोंदट, आणि हवा कोंदट की ज्वर, असा त्यांचा हिशेब. डॉ. जेम्स रॅनल्ड मार्टिन यांनी 1837 साली या शहराच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला तो याच समजुतीच्या काळात. पुढे 1898 साली मैदानाच्या दक्षिणेस असलेल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांमधील हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे दाखविले, आणि हवेवरचा आरोप निकालात निघाला. तरीही मोकळ्या जागेचा आग्रह धरणारे वैद्य चुकले नव्हते. त्यांचे कारण तेवढे चुकले होते.

खरे कारण काय असावे, याची खूण मला एका कुत्र्याच्या कथेत सापडते. लॉर्ड ऑकलंड 1836 ते 1842 या काळात गव्हर्नर जनरल होते. त्यांच्या ज्या भगिनींवरून ईडन गार्डन्स हे नाव पडले, त्यांपैकी एमिली ईडन हिचा चान्स नावाचा लाडका कुत्रा होता. मायभूमीच्या ओढीने व्याकुळ झालेल्या या विदुषीच्या पत्रांत चान्सला मानाचे स्थान आहे. त्याच्या तैनातीस जिमंड नावाचा स्वतंत्र नोकर असे. कुत्री सांभाळणाऱ्या अशा नोकराला त्या काळी ‘डोरिया’ म्हणत. दोरी त्याच्या हाती, म्हणून डोरिया. विरंगुळा बाईसाहेबांना आणि पायी फिरण्याचा लाभ जिमंडला, अशी ही वाटणी होती!

आधुनिक संशोधकांनी या दोन्ही लाभांचा माग घेतला आहे. 1980 साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृद्रोगाच्या 92 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. घरी प्राणी पाळणाऱ्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले. न पाळणाऱ्या 39 पैकी 11. आकडे लहान आहेत, त्यांवर फार मोठी इमारत रचू नये. 1984 साली रॉजर अल्रिक यांनी दाखविले, की शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली.

कुत्र्याचे दुसरे अंग, म्हणजे पिसाळण्याचे भय, नजरेआड करून चालणार नाही. मुंबईत 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी बांधवांनी दंगा केला होता. त्या काळी लस नव्हती, म्हणून पेच अवघड होता. आज लस आहे, आणि कुत्र्यांना ती वेळेवर टोचली तर असा पेच पडण्याचे कारण उरत नाही.

कोलकात्याचे मैदान आता निराळ्या पेचात आहे. सभा, मेळे, भुयारी रेल्वे, सर्वांनाच ते हवे असते. न्यायालयाच्या आदेशामुळे 2007 साली तेथला विख्यात पुस्तकमेळा हलवावा लागला. ग्रंथवेडा बंगाली माणूस त्या वेळी हळहळला, आणि मलाही त्याचे दुःख समजते. पण मेळा सॉल्ट लेककडे गेला, आणि पहाटे कुत्र्याची साखळी हाती धरून गवतावर येणारे मात्र पूर्वीप्रमाणे येत राहिले. आता डोरिया नाही; मालकच चालतात.