धावताना चक्कर येऊन पडलं? फक्त ‘फिट’ समजून सोडू नका, एकदा ईसीजी काढा

शाळेच्या मैदानावर धावणारं पोरगं अचानक कोसळतं. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाला लावतं. मिनिटभरात पोरगं उठून बसतं आणि ‘अशक्तपणा असेल’, ‘फिट आली’ म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा कारण साधंच असतं. पण मोजक्या मुलांमध्ये दुखणं हृदयाचं असतं आणि पुढची चक्कर जिवावर बेतू शकते.

नेमका बिघाड काय?

हृदय हा पंप विजेवर चालतो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, म्हणजे पाइपलाइन चोंदते. या आजारांत पाइप आणि पंप धडधाकट असतात, बिघाड वायरिंगमध्ये असतो. त्यामुळे सोनोग्राफीसारखी ‘इको’ तपासणी नॉर्मल येऊ शकते.

मुख्य प्रकार

- लाँग क्यूटी: प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा चार्ज व्हायला जास्त वेळ लागतो. पळताना, पोहताना, घाबरल्यावर किंवा गजराच्या अचानक आवाजाने शुद्ध हरपते. याच्या एका प्रकारात मूल जन्मतः बहिरं असतं.
- ब्रुगाडा: ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये याचं वर्णन केलं. पुरुषांत जास्त आढळतो. झोपेत किंवा ताप चढल्यावर ठोके बिघडतात. अशा रुग्णाचा ताप अंगावर काढू नये.
- डब्ल्यूपीडब्ल्यू: हृदयात जन्मापासून एक जादा वायर असते. धडधड एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. जांघेतून नळी घालून ही वायर जाळता येते आणि बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात.

फिट की हृदय?

हृदय थबकलं तरी हातपाय झटकतात, म्हणून गफलत होते. पुढील खुणा दिसल्या तर हृदयाची शंका घ्या:

- धावताना, पोहताना किंवा दचकल्यावर चक्कर आली
- काही जाणवण्याआधीच माणूस कोसळला
- चेहरा पांढराफटक पडला, पण शुद्धीवर आल्यावर लगेच नीट बोलू लागला
- घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक किंवा झोपेत गेलं, अथवा पट्टीचा पोहणारा असून विहिरीत बुडाला

काय करावं?

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. वरच्या खुणा डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ईसीजी नॉर्मल आला तरी शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञ २४ तासांचं होल्टर किंवा ट्रेडमिल टेस्ट सांगतात. आजार निघाला तर आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करा, कारण लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा घराण्यात चालतात. काही अँटिबायोटिक आणि उलटीच्या गोळ्यांनी लाँग क्यूटी वाढतो. त्यामुळे मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. सुरू असलेली गोळी मनाने बंदही करू नका.

कुणी कोसळलं तर

हाक मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर कांदा-चप्पल शोधण्यात वेळ घालवू नका. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबावं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. रुग्ण हालचाल करेपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नये. दमलात तर दुसऱ्याने हात लावावा.